अर्धं कथील, अर्धं सोनेरी: बडोद्यात घडलेला एक ब्रोच

ब्रोच तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा आहे. खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, उतरवलेली सागाची उथळ वाटी, तिच्यावर संखेडा गावचं लाखकाम, एका कडेला सरकवून बसवलेला लांबट अकीक दगड आणि मागे चांदीचा पत्रा. एकूण वजन ३१ ग्रॅम, त्यात चांदी साडेअकरा. मी मोजले १६,८०० रुपये. चांदीच्या भावाने हिशेब केला तर ही रक्कम डोळ्यांवर येते, आणि आमच्या घरात ती आलीच. धाकट्या जावेने ब्रोच हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "मोडीला किती येतील?"

प्रश्न रास्त आहे. दागिना म्हणजे अडीनडीला उभं राहणारं धन, हे आपल्याकडच्या बायकांनी सोसून मिळवलेलं शहाणपण आहे. मी नोकरीची बरीच वर्षं बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर काढली. मुलीच्या फीसाठी पाटल्या ठेवायला आलेली बाई आणि त्या सोडवायला आलेली तीच बाई, दोघींचे चेहरे मी पाहिलेत. तेव्हा आधीच स्पष्ट सांगते: या ब्रोचला मोडीत चांदीपुरते पैसे येतील, बाकी काही नाही. ज्यांना गुंतवणूक करायची आहे त्यांनी सोनारांच्या घडियाळी पोळात जावं, हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावरचा ओळख क्रमांक) बघून सोनं घ्यावं. मी लिहितेय ते दुसऱ्या प्रकारच्या दागिन्याबद्दल. तो बडोद्यात तयार होतो, आणि इथल्या आपल्या मराठी लोकांना त्याची फारशी कल्पना नाही.

स्टुडिओ फतेगंजमध्ये एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला आहे. पाटी नाही. काम करणारी मुलगी आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतून शिल्पकला शिकलेली. गुजराती आहे, पण दांडिया बाजारात वाढल्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलते; मला पहिल्या भेटीपासून "मावशी" म्हणते. नाव छापू नका असं तिने सांगितलंय, कारण सगळं एकटीने करते आणि हातातलीच कामं उरकत नाहीत. फतेगंजातल्या फ्रेमवाल्यांकडे चौकशी केलीत तर घर सापडतं.

दुकानात गेल्यावर आपल्यासमोर ट्रे येतात. इथे आधी प्रश्न येतात. साडी नेसता की ड्रेस? पदर पिनअप करता की मोकळा सोडता? सुती जास्त की रेशमी? डाव्या खांद्यावर पर्स अडकवायची सवय आहे का? तिने माझ्या खांद्यावर शिशाचे लहान तुकडे कापडात बांधून लावून बघितले आणि किती वजनाला पदर ओघळतो ते वहीत टिपलं. इतक्या वर्षांत एकाही सोनाराने मला हे विचारलेलं नाही. नेकलेस गळ्याला टोचतो, कुड्यांनी कानाची भोकं ओघळतात, आणि आपण तो दागिन्याचा स्वभाव समजून सोसतो.

मी सोबत आईचा चांदीचा कमरपट्टा नेला होता. तुटलेला, कड्या सुट्या झालेल्या. बाजारात दिला असता तर सगळाच्या सगळा मोडीत गेला असता. तिने आधी कड्या निवडल्या. धड होत्या त्या मला परत दिल्या. म्हणाली, "मावशी, या मोडायच्या नाहीत, पुन्हा ओवता येतील." मोडक्या घेतल्या, पण त्यातले डाखाचे (जोडधातूचे) सांधे करवतीने कापून बाजूला काढले. जुन्या डाखात जस्त असतं, कधी शिसंही असतं; ते मुशीत उतरलं तर पत्रा ठोकताना तडकतो. मग वजन केलं, कागदावर लिहिलं, माझी सही घेतली. ब्रोच देताना तोच कागद पुढे ठेवला: घेतलेली चांदी, वापरलेली, कापलेले सांधे, कानशीचा कीस, घट. सगळं जुळत होतं. माझ्यासारख्या बँकेतल्या बाईला एवढ्या एका कागदाने अर्धं जिंकलं.

आता त्या लाखकामाकडे येते, कारण ब्रोचचा जीव त्यात आहे.

संखेडा बडोद्याहून फार लांब नाही. तिथले पाळणे, सोफे, लग्नातले पाट आपल्या घरोघरी आहेत, आणि म्हणूनच आपण त्यांच्याकडे कधी नीट बघत नाही. तिच्याबरोबर तिथे गेले तेव्हा एका खरादीकाकांनी पूर्ण काम माझ्यासमोर करून दाखवलं. लाकूड खरादावर फिरत असतं आणि काका लाखेची कांडी त्याला टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवतात. नक्षी कथलाच्या रंगाने ब्रशने काढलेली असते. कथील लावलं की नुसतं राखाडी, मरगळलेलं दिसतं. काका त्यावर अकीकचा गुळगुळीत दगड दाबून फिरवतात. तीन-चार हात फिरले की ती राख चांदीसारखी उजळते. आणि त्यावर लाखेचा पारदर्शक थर चढला की चांदी सोन्याची होते. संखेड्याच्या पाळण्यावरची ती सोनेरी वेल म्हणजे पिवळसर लाखेखालचं कथील. सोन्याचा कणही त्यात नाही. लहानपणापासून तो पाळणा बघतेय, पण हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

तिने ब्रोचमध्ये नेमकं हेच उघडं ठेवलंय. वाटीवर कथलाच्या बारीक रेघा आहेत, केसाएवढ्या, मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या. अर्ध्या वाटीवर लाखेचा शेवटचा थर आहे, तिथे त्या रेघा सोनेरी. उरलेल्या अर्ध्यावर थर नाही, तिथे त्याच रेघा पांढऱ्या. मधली सीमा सरळ नाही. फिरत्या खरादावरून पान अचानक उचललं की जशी राहील तशी आहे, किंचित थरथरलेली. आणि कडेला बसवलेला अकीक खंभातचा, घोटण्याच्या दगडाच्याच आकाराचा. ज्याने कथील उजळतं तोच दगड दागिन्यात येऊन बसला आहे. तांबूस, मध्ये धुरकट पट्टा असलेला. हा तांबूसपणाही भट्टीतून येतो: दगडात लोह असतं, ते तापून लाल होतं. सिंधू संस्कृतीतल्या लोथलच्या मणिकारांनाही ही युक्ती ठाऊक होती. दगड नख्यांच्या कोंदणात नाही. चांदीच्या पातळ पट्टीने चहूबाजूंनी धरलाय, आणि ती पट्टी आईच्या कमरपट्ट्याची आहे.

बँकेत मूल्यांकन करणारे सोनार दागिना कसोटीवर घासायचे, त्यावर आम्लाचा थेंब टाकायचे आणि कस सांगायचे. या ब्रोचवर ते काय घासणार? हाच प्रश्न जगातल्या काही मोठ्या कारागिरांनी मुद्दाम उभा केला आहे, आणि स्टुडिओतली पुस्तकं चाळताना ते मला फार भिडलं. ओटो क्युन्झली नावाच्या स्विस कलाकाराने १९८० साली काळ्या रबराच्या नळीचं एक कडं केलं. आत सोन्याचा गोळा आहे, बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. नाव दिलं, 'सोनं आंधळं करतं'. आत खरंच सोनं आहे का हे बघायचं तर कडं कापावं लागेल, आणि कापलं की कलाकृती संपली. विश्वास ठेवायचा की वजनकाटा आणायचा, हे घालणाऱ्याने ठरवायचं. त्याआधी १९६७ मध्ये नेदरलँड्सच्या खाइस बाकर आणि एमी फान लिरसुम या जोडप्याने ॲल्युमिनियमचे मोठे गळपट्टे केले होते, गळ्याभोवती खांद्यापर्यंत उभे राहणारे. भांड्याकुंड्यांचा धातू, पण तो घातल्यावर माणूस मान कशी धरतो, चालतो कसा, हे बदलतं, आणि त्यांना तेच बघायचं होतं.

आपल्या बडोद्याला दागिन्यांचा इतिहास काही थोडा नाही. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे चोपन्न लाख डॉलरला गेला. फतेहसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभं राहिलं की मोती, नथ, काठपदर सगळं इतकं खरं वाटतं की हात पुढे जातो. पण त्या मोत्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, ते ओवणाऱ्या हातांची नाहीत. दागिना राजाचा, चित्र चित्रकाराचं. सोनाराचं काहीच नाही.

इथे नाव असतं. ब्रोचच्या पाठीवर तिची मोहोर आहे, सोबत एक कार्ड आहे, त्यावर साल, साहित्य, वजन. पण त्या कार्डावर खरादीकाकांचं नाव नव्हतं, फक्त "संखेडा लाखकाम" एवढंच होतं. मला ते खटकलं आणि मी तिथल्या तिथे बोलले. तिचं म्हणणं, कल्पना आणि रचना तिची आहे, काकांना ठरलेली मजुरी वेळेवर मिळते, आणि ते स्वतः नाव मागत नाहीत. मला हे पटलेलं नाही. थर कुठे थांबवायचा हे तिने ठरवलं, मान्य. पण ती थरथरलेली सीमा काकांच्या मनगटातून उतरली आहे, कितीतरी वाट्या बाद करून. वजनाऐवजी हाताचं मोल मागणाऱ्या दागिन्याने दुसरा हात झाकून ठेवू नये. आमचं बोलणं तिथे संपलं नाही. पुढच्या भेटीत तिने नवं कार्ड दिलं, त्यावर दोघांची नावं होती. बाकीच्या कामांवर ती असंच करते का, ते घेणाऱ्यांनी बघावं आणि मागावं.

वापरण्याबद्दल. सुती साडीवर, खादीवर, जाड टसरवर ब्रोच सुरेख बसतो. पिन दुहेरी आहे, म्हणून वाटी खाली मान टाकत नाही; एकेरी पिनेचे मोठे ब्रोच हमखास लोंबतात. चंदेरीवर आणि महेश्वरीवर मात्र लावू नका. मी चंदेरीवर लावला तर दोन तासांत धागे सरकून पदरावर खिडकी पडली. मागे कापडाचा तुकडा घेऊन लावला तर निभतं, तोही तुकडा तिने रंग जुळवून शिवून दिलाय. पैठणीच्या वाटेला जाऊच नये. पिनेचा आकडा महिन्याभरात सैल झाला, तो तिने बसल्या बैठकीत बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

मोठी तक्रार दुसरीच आहे. लाखेचा थर नसलेल्या अर्ध्या भागावरच्या कथलाच्या रेघा कडेला पुसट व्हायला लागल्यात. जरीच्या काठाशी घासून घासून तसं होतं. मी दाखवलं तर ती शांतपणे म्हणाली, ते होणारच, ते तसंच ठरवलंय, तुम्ही कसं कसं वापरलंत हे त्या बाजूला दिसत जाईल आणि दुसरी बाजू तशीच राहील. कल्पना म्हणून मला ती मनापासून आवडते. पाटल्यांवरच्या झिजेवरून आईचा उजवा हात कोणता हे आम्हाला ओळखता यायचं, तसंच हे. पण घेताना हे सांगायला हवं होतं, कार्डावर लिहायला हवं होतं. सोळा हजार देणाऱ्या माणसाला आपला दागिना झिजणार आहे हे नंतर कळू नये. ज्यांना तो आहे तसाच राहायला हवा, त्यांनी तिला पूर्ण भागावर लाख चढवून मागावी. देते, पण मन मोडून देते, आणि माझ्या मते ब्रोचही अर्धा होतो.

तिच्याकडे अधूनमधून एका संध्याकाळी घेणारे आणि करणारे जमतात. दहा-बारा माणसं. निवृत्त प्राध्यापक आहेत, ते फक्त अंगठ्या घेतात आणि दर वेळी नवीन बोटात घालून येतात. एक आर्किटेक्ट मुलगी, एक दाताच्या डॉक्टरीणबाई, फाइन आर्ट्सची दोन-तीन मुलं. दारात आपला दागिना काढून टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्या कोणाचा तरी घालून संध्याकाळ काढायची, असा तिथला रिवाज. काचेमागे काही नाही. हात लावा, उलटा करून पाठ बघा, पिन कशी बसवली आहे यावर वाद घाला. पाठ बघणं हा तर तिथला मुख्य कार्यक्रम; दागिन्याची पाठ स्वच्छ नसेल तर पुढून कितीही देखणा असो, तो टेबलावर पडून राहतो.

मला त्या दिवशी एका विद्यार्थिनीची नथ मिळाली. नाकात घालायची नाही. हाताएवढी मोठी, खांद्यावर लावायची. मोत्यांच्या जागी पोर्सिलेनचे मणी, चकाकी न दिलेले, प्रत्येक बोटांनी वळलेला, म्हणून एकसारखा एकही नाही. पोलादी तारेत ओवलेले, आणि तार थोडी सैल ठेवलेली. मी चालले की मणी एकमेकांवर वाजायचे, अगदी हलके. नथ आयुष्यभर घातली पण ती मला कधी ऐकू आली नव्हती. मणी तारेवर सरकतात त्या भोकांच्या कडा तिने भाजण्याआधी ओल्या ब्रशने गोल केल्या होत्या, नाहीतर तारेने त्यांचे टवके उडाले असते. बावीस वर्षांच्या मुलीला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. किंमत साडेचार हजार होती आणि दंतवैद्य बाईंनी ती माझ्या खांद्यावरूनच उचलली.

हा सगळा पसारा अशाच माणसांवर उभा असतो. कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये आपली गॅलरी उघडली तेव्हा एका कानात अमूर्त शिल्पकार काल्डरने केलेलं आणि दुसऱ्या कानात स्वप्नवादी (सर्रिअलिस्ट) चित्रकार तांगीने केलेलं कानातलं घातलं होतं. अमूर्तवाले आणि स्वप्नवादी, दोघंही मला सारखेच, हे तिने न बोलता सांगितलं. काल्डरने आयुष्यात सुमारे अठराशे दागिने केले, बरेचसे पितळेच्या तारा ठोकून, आणि कितीतरी मित्रांना, घरच्यांना देऊन टाकले. म्युनिकमध्ये १९५९ पासून अशा दागिन्यांचं प्रदर्शन भरतं, जगभरातून लोक येतात. ॲमस्टरडॅमची अशाच दागिन्यांची रा गॅलरी १९७६ पासून २०१९ पर्यंत टिकली. फिलाडेल्फियाच्या हेलन ड्रट यांनी जन्मभर जमवलेले दागिने २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात गेले. घेणाऱ्यांनी घातले, जपले, लोकांना दाखवले, म्हणून करणारे टिकले. आपल्याकडेही १९५० मध्ये फाइन आर्ट्स फॅकल्टी उभी राहिली. चित्रकार बेंद्रे आपल्या इंदूरचे, त्यांनी इथे चित्रकला शिकवली, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन खेळणीसुद्धा तितक्याच मनापासून करायचे. हाताच्या कामाला कलेच्या शेजारी बसवणं या गावाला नवीन नाही. घेणारे मात्र कमी आहेत, आणि आपले मराठी लोक त्याहून कमी.

त्या संध्याकाळींचं एक मला आवडत नाही. बोलणं सगळं इंग्रजीत चालतं. खरादीकाका एकदा आले होते, कोपऱ्यात चहा घेऊन बसले आणि लवकर उठले. खंभातहून दगड घासणारं कोणी येत नाही, घडियाळी पोळातला एकही सोनार येत नाही. एकदा मी मुद्दाम गुजरातीत विचारायला लागले तेव्हा काका लाखेबद्दल अर्धा तास बोलले, आणि सगळे ऐकत राहिले. असं दर वेळी व्हायला हवं.

व्यवहाराचं बोलायचं तर पक्कं बिल मिळतं, त्यात चांदी आणि घडणावळ वेगळी मांडलेली असते. निम्मे पैसे आगाऊ. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर होतो. मला तीन आठवडे झाला, पण फोन तिनेच केला, मला करावा लागला नाही. लग्नासाठी हवं असेल तर भरपूर आधी सांगा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं म्हणून खरादाचं काम ती मागे ठेवते. दिवाळीनंतर जाणं बरं. ब्रोच आणि गळ्यातलं निर्धास्त घ्या. लाखेच्या अंगठ्या मात्र मी घेणार नाही. हात धुताना पाणी आत जातं, लाकूड फुगतं आणि लाखेला चीर पडते. प्राध्यापकांची एक तशी झालेली मी पाहिली आहे. अंगठीच हवी असेल तर तिच्याकडची नुसत्या चांदीची, ठोकून केलेली घ्या. तीन हजारांपासून आहेत, आणि बोटाचं माप ती सकाळी न घेता संध्याकाळी घेते, कारण दिवसभरात बोटं थोडी सुजतात.